ऊन भरपूर, मग वीज कमी का?

घराच्या गच्चीवरील सौर पॅनेलची वीजनिर्मिती उष्मा, ढग, धूळ, वारा आणि सावली यांच्यावर कशी अवलंबून असते, याचा महाराष्ट्राच्या हवामानाच्या अनुषंगाने घेतलेला आढावा

- प्रतिनिधी

गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्या कुटुंबांना वर्षातून दोनदा हमखास एक शंका सतावते. पहिल्यांदा मे महिन्यात. डोक्यावर आग ओकणारा सूर्य असतो, पण मीटरवरील आकडा मार्चच्या तुलनेत वाढलेला नसतो. उलट अनेकदा थोडा घटलेलाच असतो. दुसऱ्यांदा जुलैत. सलग आठवडाभर सूर्यदर्शन होत नाही, निर्मिती निम्म्याहून खाली येते आणि ‘वीजबिल शून्यावर येईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याने आपल्याला फसवले की काय, असे वाटू लागते. बहुतेक वेळा यंत्रणेत काहीही बिघाड नसतो. बदललेले असते ते हवामान. मात्र खरेदीच्या वेळी या हवामानाचा हिशेब ग्राहकाला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

हा हिशेब समजून घेण्याची गरज आता अधिक आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ ही मोफत वीज योजना जाहीर केली. देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौरयंत्रणा उभारण्याचे उद्दिष्ट ठेवून त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी एकूण ७८ हजार रुपये असे अनुदान ठरवण्यात आले. अनुदान मिळाले, तरी उरलेली रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाला आपल्या बचतीतून किंवा कर्ज काढूनच उभी करावी लागते. ती किती वर्षांत वसूल होणार, हे छतावर पडणाऱ्या उन्हावर ठरते आणि ऊन सगळीकडे, बाराही महिने सारखे नसते.

उष्णता नव्हे, प्रकाश

पहिला गैरसमज उष्णतेविषयीचा आहे. पुण्यासारख्या शहरात कित्येक इमारतींच्या गच्चीवर सौरबंब दिसतात. ऊन जितके कडक, तितके बंबातील पाणी गरम, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्यामुळे सौर पॅनेलही त्याच तत्त्वावर चालत असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात दोहोंचे काम अगदी वेगळे आहे. सौरबंब उन्हातील उष्णता शोषतो. सौर पॅनेल उन्हातील प्रकाशाचे विजेत रूपांतर करते. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला, की त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतप्रवाह सुरू होतो. या क्रियेला प्रकाश हवा असतो. उष्णतेचा तिला उपयोग नसतो, उलट अडथळाच होतो.

पॅनेलच्या मागील बाजूस ‘५५० वॅट’ किंवा तत्सम आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतील ठराविक परिस्थितीत मोजलेला असतो. त्या वेळी पॅनेलवर दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश टाकला जातो आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस राखले जाते. यातील तापमान हवेचे नसून खुद्द सौरघटाचे आहे, ही बाब महत्त्वाची. आपल्याकडे भर दुपारी उन्हात असलेल्या पॅनेलचे तापमान २५ अंशांवर राहणे जवळजवळ अशक्यच. म्हणजे पॅनेलवर छापलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता झाली. गाडीच्या कंपनीने जाहीर केलेले मायलेज आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारे मायलेज यांत जो फरक असतो, तोच इथेही आहे.

तापलेल्या पॅनेलचे गणित

गडद रंगाचे पॅनेल उन्हात ठेवले, की ते भोवतालच्या हवेपेक्षा बरेच अधिक तापते. आकाश निरभ्र, ऊन पूर्ण आणि वारा मंद असेल, तर हा फरक ३० अंशांच्या आसपास जातो. नागपूर किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना पॅनेल ७५ अंशांपर्यंत तापलेले असू शकते.

सौरघटाचे तापमान वाढले, की त्यातील विद्युतदाब घटतो. प्रवाह किंचित वाढतो, पण दाबातील घट त्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याने एकूण वीज कमी होते. २५ अंशांच्या वर दर अंशाला किती टक्के घट होईल, हे पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेले असते. जुन्या बहुस्फटिकी पॅनेलमध्ये ही घट अंशामागे ०.४० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक असे. ‘पर्क’ प्रकारात ती साधारण ०.३५ टक्के, ‘टॉपकॉन’ प्रकारात ०.३० टक्क्याच्या आसपास आणि ‘हेटेरोजंक्शन’ प्रकारात ०.२५ टक्क्याच्या जवळ असते.

आता वरील उदाहरण पुढे नेऊ. पॅनेल ७५ अंशांवर, म्हणजे २५ अंशांपेक्षा ५० अंशांनी अधिक तापले आहे. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर एकूण घट साडेसतरा टक्के होते. ५५० वॅटचे पॅनेल पूर्ण उन्हातही सुमारे ४५४ वॅटच देते. पुण्यात जानेवारीच्या दुपारी हवा २८ अंशांवर असते, तेव्हा हेच पॅनेल ५९ अंशांच्या आसपास तापते आणि घट १२ टक्क्यांच्या घरात राहते. तेवढाच प्रकाश पडला तर नागपूरच्या मेपेक्षा पुण्याच्या जानेवारीत तेच पॅनेल अधिक वीज देते, ते यामुळेच.

अर्थात जानेवारीत दिवस लहान असतो आणि सूर्य कलता असतो. त्यामुळे दिवसभराची बेरीज काढताना दोन्ही गोष्टी जमेस धराव्या लागतात. आकाश निरभ्र, दिवस पुरेसा मोठा आणि उष्मा अद्याप टोकाला न गेलेला, असा मेळ आपल्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत उत्तम जमतो. महाराष्ट्रातील अनेक यंत्रणांचा वार्षिक उच्चांक मेऐवजी मार्चमध्ये नोंदला जातो, त्याचे कारण हेच आहे.

जर्मनीचे उदाहरणही बोलके आहे. महाराष्ट्राच्या तुलनेत तिथे वर्षभरात पडणारे ऊन बरेच कमी आहे. तरीही २०२५ पर्यंत त्या देशाने १०० गिगावॅट सौरक्षमतेचा टप्पा गाठला. तिथले थंड हवामान पॅनेलला मानवते. आपल्याकडे ऊन अधिक असल्याने एकूण वीज अधिक मिळते, पण त्या अधिक उन्हातील काही वाटा उष्म्यापायी गमवावा लागतो.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळती राहील इतके अंतर ठेवणे हा पहिला उपाय. पत्र्याच्या छपरावर पॅनेल अगदी चिकटवून बसवले, तर खालचा तापलेला पत्रा त्याला आणखी भाजून काढतो. उंच सांगाड्यावर बसवलेल्या पॅनेलच्या मागून वारा वाहतो आणि ते थंड राहते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील ग्राहकांनी पॅनेल निवडताना वॅटच्या आकड्याइतकेच तापमानामुळे होणाऱ्या घटीच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे. इन्व्हर्टरही पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर टांगू नये. अति तापल्यावर तो स्वतःच्या बचावासाठी आपली क्षमता कमी करतो.

ढगांखालचे चार महिने

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारित केलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे वर्षाचा जवळजवळ एक तृतीयांश काळ ढगांच्या सावटाखाली जातो. या काळात पॅनेल अगदी बंद पडते, असे मात्र नव्हे.

सूर्यप्रकाश पॅनेलपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक थेट सूर्याकडून येणारा आणि दुसरा आकाशातून विखरून येणारा. ढगांनी थेट प्रकाश अडवला, तरी विखुरलेला प्रकाश शिल्लक राहतो आणि पॅनेल त्यावर काम करते. विरळ ढग असतील, तर निम्मी किंवा त्याहून अधिक निर्मिती होऊ शकते. आषाढातील काळ्याकुट्ट ढगांखाली मात्र ती क्षमतेच्या १० ते २५ टक्क्यांवर उतरते. कोकण किनारपट्टी आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमधील निर्मिती उन्हाळ्याच्या साधारण निम्म्यावर, काही वर्षी त्याहूनही खाली येते. महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान या पट्ट्यात घट सर्वाधिक जाणवते. त्याच महिन्यांत पर्जन्यछायेतील सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग येथे ढग असतात, पण ते इतके दाट आणि सलग नसतात. साहजिकच तिथली घट सौम्य असते. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे शे-सव्वाशे किलोमीटर गेले तरी पावसाळी निर्मितीत लक्षणीय फरक पडतो. त्यामुळे मुंबईतील नातेवाइकाच्या अनुभवावरून सोलापूरचा किंवा सोलापूरच्या अनुभवावरून मुंबईचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

पावसाळ्यात एक सुखद अपवादही दिसतो. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत पाऊस हवेतील धूळ खाली बसवतो, पॅनेल धुऊन काढतो आणि थंडही करतो. अशा वेळी ढग बाजूला सरून ऊन पडले, की काही मिनिटे निर्मिती एकदम उसळी घेते. ढगाच्या पांढऱ्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट उन्हात मिसळला, तर दर चौरस मीटरला १००० वॅटची मर्यादाही ओलांडली जाते. मोबाइलवरील आलेखात असा उंच सुळका दिसला, तर तो यंत्रातील दोष समजू नये.

वळवाच्या पावसाचा हिशेब निराळा. एप्रिल-मेमध्ये पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर ढग दाटून येतात. अशा भागात दक्षिणेकडे तोंड करण्यास जागा नसेल आणि पूर्व की पश्चिम असा पर्याय असेल, तर पूर्वेकडील बाजू थोडी फायद्याची ठरू शकते. उलट जिथे हिवाळ्यात सकाळी उशिरापर्यंत धुके रेंगाळते, तिथे पश्चिमेचे पारडे जड होते. स्थानिक हवामान जाणणारा तंत्रज्ञ अशा बारकाव्यांचा विचार करतो.

धूळ, धुरके आणि कबुतरे

ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला, की पॅनेलचा नैसर्गिक धोबीही जातो. पुढील सात-आठ महिने कोरडे असतात. बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, रस्त्यांवरील माती यांचा थर काचेवर साचत जातो. हिवाळ्यात पहाटे पडणारे दव या धुळीला ओले करते आणि दिवसा ती वाळून काचेला घट्ट चिकटते. हलका अवकाळी शिडकावा तर अधिकच त्रासदायक. तो धूळ वाहून नेत नाही, तिचा चिखल करतो आणि पॅनेलच्या खालच्या कडेला पट्टा बनवून ठेवतो.

या धुळीची किंमत किती, याचा अंदाज गांधीनगर येथील आयआयटी आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. काही आठवडे न धुतलेली पॅनेल स्वच्छ केल्यावर निर्मिती प्रत्येक वेळी सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. काचेवरील थरात धुळीचा वाटा ९२ टक्के होता; उरलेला भाग मानवी व्यवहारांतून निर्माण होणाऱ्या कार्बन व इतर प्रदूषकांचा होता. हे प्रदूषक प्रमाणाने थोडे असले, तरी प्रकाश अडवण्यात धुळीपेक्षा अधिक प्रभावी आणि धुऊन काढण्यास अधिक चिवट असतात. गुजरातमधील कोरड्या भागाचा आकडा जसाच्या तसा मुंबई-पुण्याला लावता येणार नाही. परंतु पॅनेल सहा महिने न धुण्याची सवय किती महागात पडू शकते, हे त्यावरून कळते.

धुरक्यामुळे आणखी एक नुकसान होते, ते काच पुसूनही भरून निघत नाही. हिवाळ्यात वारा मंदावला, की मुंबईच्या आकाशात धूर आणि धूलिकण अडकून राहतात. सूर्य दिसतो, पण फिकट. पॅनेलपर्यंत प्रकाश पोहोचण्यापूर्वीच त्यातील काही भाग हवेत विखुरलेला आणि शोषलेला असतो. वायुप्रदूषण आरोग्यासाठी घातक आहेच. सौरविजेच्या उत्पन्नातही ते वाटा उचलते.

शहरी ग्राहकाला कबुतरांचाही उपद्रव सोसावा लागतो. धुळीचा थर सर्वत्र सारखा असतो, पण कबुतराची विष्ठा एका जागी पडते आणि त्या खालचा सौरघट पूर्ण झाकते. झाकलेला घट वीज निर्माण करण्याऐवजी इतरांची वीज स्वतःत जिरवून तापू लागतो. हा तप्त डाग दीर्घकाळ राहिला, तर घट कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून असे डाग वेळीच काढावेत आणि पॅनेलच्या खाली घरटी होऊ नयेत, यासाठी कडेने जाळी लावावी. जाळीमुळे हवा अडणार नाही, एवढी खबरदारी मात्र घ्यावी.

धुण्याचीही रीत आहे. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. काचेला तडा जाण्याचा धोका असतो. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर मऊ फडके वा मऊ ब्रश वापरावा. बोअरवेलचे जड पाणी वापरल्यास सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, त्यामुळे शक्यतो नळाचे पाणी घ्यावे. कोरड्या महिन्यांत पंधरा-वीस दिवसांतून एकदा, आणि शेजारी बांधकाम सुरू असेल तर त्याहून लवकर, धुलाई करणे इष्ट. उंच सांगाड्यावर चढून धुण्याचा धोका ज्येष्ठ नागरिकांनी पत्करू नये.

सावलीही ऋतुमानानुसार

मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो. सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हाच सूर्य मुंबईच्या दक्षिण क्षितिजापासून दुपारीही जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. गच्चीवरील पाण्याची टाकी दोन मीटर उंच असेल, तर त्या दिवशी दुपारी तिची सावली उत्तरेकडे पावणेदोन मीटरपेक्षा लांब पडते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती त्याहून कितीतरी लांब असते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की मे महिन्याच्या दुपारी येऊन ‘तुमच्या गच्चीवर सावलीच नाही’ असे सांगणाऱ्या सर्वेक्षणावर विसंबून राहू नये. ज्या महिन्यांत आकाश सर्वांत स्वच्छ आणि हवा थंड असते, नेमक्या त्याच महिन्यांत टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत किंवा नारळाचे झाड पॅनेलवर सावली टाकते.

शिवाय सावलीचे नुकसान तिच्या आकारापेक्षा मोठे असते. पॅनेलमधील सौरघट साखळीने जोडलेले असतात. पाण्याच्या नळीवर एका जागी पाय दिला, की पूर्ण नळीचा प्रवाह कमी होतो, तसेच इथे घडते. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये सहसा तीन ‘बायपास डायोड’ असतात. सावलीतील भाग वगळून ते प्रवाह पुढे नेतात. तरीही एका कोपऱ्यावरील छोट्या सावलीने पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद होऊ शकतो. सावली टाळता येणे शक्यच नसेल, तर प्रत्येक पॅनेलसाठी स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर बसवण्याचा पर्याय आहे. त्याचा खर्च अधिक येतो.

पॅनेलचा कल साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे महाराष्ट्रात १६ ते २१ अंशांच्या दरम्यान आणि तोंड दक्षिणेकडे ठेवले जाते. चार-दोन अंशांच्या फरकाने वर्षाच्या बेरजेत फारसे बिघडत नाही. पॅनेल अगदी सपाट बसवणे मात्र टाळावे, कारण मग पाणी आणि धूळ त्यावर साचून राहते.

वारा, गारा आणि खारी हवा

वारा पॅनेलला थंड ठेवतो, हे आपण पाहिले. परंतु तोच वारा वादळाचे रूप घेतो, तेव्हा पॅनेलचे शीड होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणाने याचा प्रत्यय घेतला. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे. उंच इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याचा जोर आणखी वाढतो. त्यामुळे सांगाड्याचे आरेखन स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेण्याला पर्याय नाही. गच्चीवरच्या विटांवर सिमेंटचे ठोकळे ठेवून काम उरकणे म्हणजे खाली रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

गारपिटीची चिंता मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राला अधिक. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने या भागात हाहाकार उडवला होता. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅनेलच्या काचेवर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने आदळवून चाचणी घेतली जाते. सर्वसाधारण गारांना ही काच दाद देत नाही. लिंबाएवढ्या गारांची हमी मात्र या चाचणीत नाही, म्हणून विमा काढलेला बरा.

किनारपट्टीवर खारी हवा हळूहळू आपले काम करते. नटबोल्ट गंजतात, जोडण्या कमकुवत होतात आणि दमट हवेत पॅनेलच्या आतील थरांनाही बाधा पोहोचते. समुद्रालगतच्या ग्राहकांनी क्षारयुक्त धुक्याची चाचणी उत्तीर्ण झालेले पॅनेल आणि ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा उत्तम जस्तलेपन केलेला सांगाडा यांचाच आग्रह धरावा.

दीर्घकालीन परिणामही दुर्लक्षून चालणार नाहीत. मुंबईच्या आयआयटीत २०१० मध्ये स्थापन झालेल्या प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने देशभरातील पॅनेलची वेळोवेळी पाहणी केली. उष्ण प्रदेशातील पॅनेल तुलनेने लवकर क्षीण होतात आणि मोठ्या जमिनीवरील प्रकल्पांपेक्षा छतावरील लहान यंत्रणांची झीज अधिक असते, असे त्यातून दिसून आले. छतावरचा उष्मा हे त्यामागचे एक कारण. घाईने केलेली निकृष्ट उभारणी हे दुसरे.

वादळी पावसात वीज गेली, तर?

येथे अनेकांचा भ्रमनिरास होतो. बॅटरी नसलेली आणि महावितरणच्या वाहिनीला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला घरातून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी योजना केलेली असते. त्यामुळे जूनमधील वादळात तासन्‌तास वीज खंडित झाली, तर बाहेर लख्ख ऊन पडूनही गच्चीवरील पॅनेल घरात दिवा लावू शकत नाही. अशा भागातील ग्राहकांना बॅटरीसह चालणारी संकरित यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च वाढतो. विजांच्या कडकडाटापासून संरक्षण देणारी तडितरोधक व्यवस्था आणि योग्य अर्थिंग या गोष्टी सर्वच यंत्रणांना आवश्यक आहेत.

हिशेब महिन्याचा नव्हे, वर्षाचा

एक किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते, असे ढोबळमानाने धरले जाते. तीन किलोवॅटच्या यंत्रणेचे दिवसाला बारा, महिन्याला ३६० आणि वर्षाला सुमारे ४३०० युनिट झाले. परंतु ही सरासरी आहे. मार्चमध्ये आकडा तिच्या वर आणि जुलैत बराच खाली असणार, हे गृहीतच धरले पाहिजे. एखाद्या महिन्याच्या आकड्यावरून यंत्रणेला नावे ठेवणे किंवा तिची वाहवा करणे, दोन्ही अन्यायाचे ठरते.

नेट मीटरिंगच्या व्यवस्थेत वापरून उरलेली वीज वाहिनीत जाते आणि ते युनिट ग्राहकाच्या खात्यावर जमा राहतात. हा जमाखर्च आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चला मिटवला जातो. त्या दिवशी शिल्लक असलेल्या युनिटांचा मोबदला घरगुती वीजदरापेक्षा बराच कमी मिळतो. आपल्या हवामानाशी हे वेळापत्रक पडताळून पाहिले, तर एक बाब लक्षात येते. एप्रिल-मेमध्ये काही युनिट शिल्लक पडले, तर ते पावसाळ्यात उपयोगी येतात. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे निर्मिती सर्वोत्तम आणि पंखे-एसीचा वापर कमी असताना साठलेले युनिट पुढील उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येत नाहीत. म्हणूनच गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात शहाणपण नाही. मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवून क्षमता ठरवावी.

घराचा जो हिशेब, तोच राज्याचाही. सौरवीज मंदावते, त्या पावसाळ्यात साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारांवरील पवनचक्क्या सर्वाधिक वेगाने फिरतात आणि कोयनेचे धरण भरत असते. १९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प अल्पावधीत सुरू करता येतो, त्यामुळे ढगांनी अचानक निर्माण केलेली तूट भरून काढण्यास तो उपयोगी पडतो. शेतीपंपांची गरजही उन्हाशी जुळणारी आहे. पावसाने खंड दिला की पिकाला पाणी हवे असते आणि नेमके तेव्हाच आकाश मोकळे असते.

करारावर सही करण्यापूर्वी

विक्रेत्याशी बोलताना केवळ ‘किती वॅट’ आणि ‘किती अनुदान’ एवढेच विचारून थांबू नये. आपल्या गावाच्या हवामानानुसार बारा महिन्यांचा स्वतंत्र अंदाज लेखी मागावा. जुलैचा आकडा मार्चइतकाच दाखवला असेल, तर तो अंदाज हवामान न पाहता केला आहे, हे उघड आहे. डिसेंबरमधील सावलीचा नकाशा, सांगाडा किती वेगाचा वारा सोसेल याचे प्रमाणपत्र, तापमानामुळे होणाऱ्या घटीचा आकडा आणि धुलाई-देखभालीची जबाबदारी कोणाची, हेही कागदावर असावे.

यंत्रणा सुरू झाल्यावर दर महिन्याचे युनिट एका वहीत नोंदवत जावे. पहिल्या वर्षी हे आकडे नुसते आकडेच असतात. दुसऱ्या वर्षी मार्चची तुलना मार्चशी आणि जुलैची जुलैशी करता येते. पाऊसपाणी साधारण सारखे असूनही घट दोन-चार टक्क्यांपेक्षा फार मोठी दिसली, तर आधी पॅनेल धुऊन पाहावे, नवी सावली कुठे आली का ते पाहावे आणि त्यानंतर तंत्रज्ञाला बोलवावे. पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. एवढ्या काळात पंचवीस उन्हाळे आणि पंचवीस पावसाळे त्यावरून जाणार असतात, आणि हमीचा दावा करण्याची वेळ आली तर ही वहीच ग्राहकाच्या बाजूने बोलेल.